मालगाड्या बघायला खंडाळ्यातली ही खोली घ्यावी का – तीन मुक्कामांनंतर लिहितोय

आधी सरळ सांगून टाकतो. बोरघाटातल्या मालगाड्या निवांत बघायच्या असतील, म्हणजे एक्सप्रेसच्या खिडकीतून पळत्या नाही, तर खुर्ची टाकून, चहा हातात घेऊन, दोन-दोन तास, तर खंडाळ्यातली ही खोली घ्या. मी जुलैपासून तीनदा राहून आलोय, एकदा भर पावसात एकटा, एकदा दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला घेऊन आणि आत्ता जानेवारीत परत एकटा, त्यामुळे हे पहिल्या भेटीच्या कौतुकात लिहिलेलं नाही, खोलीचे गुण पण बघितलेत आणि तिचे त्रास पण काढलेत.

जागेचं नाव इथं टाकत नाहीये. दोनच खोल्या आहेत, मालक काका-काकू स्वतः खाली राहतात, आणि मागं कुणीतरी व्हिडिओ टाकला तेव्हा त्यांना दिवसाला तीस-चाळीस फोन यायला लागले, त्यातले निम्मे "रुळावर उतरायला वाट आहे का" विचारणारे. काका मला म्हणाले, "लिही बाबा हवं तेवढं, पण नाव नको." ज्याला खरंच राहायचंय त्यानं मला विचारावं, नंबर देतो.

आता मुळात मालगाडी बघायला मुक्काम कशाला हा प्रश्न पुण्यातल्या माणसाला पडणारच, कारण लोणावळा लोकल आहे, दीड तासाच्या आत पोचवते, स्वस्त आहे, मग खोलीचे पैसे कशाला घाला. मी पण दहा-बारा वर्षं हेच केलं. आमची सुट्टी गुरुवारी, भोसरीत काम करणाऱ्यांना सांगायला नको, तर गुरुवारी सकाळची लोकल धरायची, लोणावळ्याला उतरून रिक्षानं खंडाळा, कुठंतरी कठड्यापाशी उभं राहायचं आणि संध्याकाळच्या लोकलनं घरी. ह्यात अडचण एकच आहे आणि ती मोठी आहे, मालगाडीला टाइमटेबल नसतं. डेक्कन क्वीन घाटात कधी येणार हे कुणीही सांगेल, ती 1930 पासून धावतेय आणि तिच्यावर लोक घड्याळ लावतात. मालगाडी मात्र पॅसेंजर गाड्यांच्या मधल्या फटीत सोडतात, तोवर ती घाटाखाली कर्जतला नाहीतर वर लोणावळ्याला उभी, मधेच ब्लॉक घेतला असेल, म्हणजे कामासाठी लाईन बंद ठेवली असेल, तर दोन-अडीच तास घाट एकदम गप्प आणि ब्लॉक उठला की एकामागं एक तीन. म्हणजे तुम्ही चार तास उन्हात उभं राहून एक बघता आणि लोकल गाठायला रिक्षात बसलात की मागून घाटातून घुमायला लागतं. माझं हे इतक्यांदा झालंय की शेवटी मी ठरवलं, घाटात रात्र काढायची.

पहिला प्रयत्न फसला होता. दोनेक वर्षांपूर्वी एका ॲपवरून "रेल्वे व्ह्यू रूम" बुक केली, साडेतीन हजार भरले, खिडकी उघडली तर समोर पाण्याची टाकी. टाकीच्या बाजूनं वाकून बघितलं तर वायरचा एक खांब दिसायचा, रूळ नाहीच. मॅनेजरला सांगितलं तर तो म्हणाला, "सर आवाज येतो ना." पैसे परत मिळाले नाहीत आणि रात्रभर मी आवाज ऐकत पडलो. तेव्हापासून बुकिंगच्या आधी मी एकच गोष्ट मागतो, गॅलरीतून मोबाईलवर काढलेला फोटो, झूम न करता. काकांनी तो पाच मिनिटांत पाठवला. फोटोत समोरच्या डोंगरावर दोन काळी भोकं आणि मधे एक रेघ, बस, मी तिथंच पैसे पाठवले.

तर गॅलरी. पहिल्या मजल्यावर, साधारण बारा फूट लांब, चार फूट रुंद. समोर दरीची एक घळ आत शिरलीये आणि घळीच्या पलीकडं डोंगराची सोंड, त्या सोंडेच्या पोटावरून लाईन जाते. दोन बोगद्यांच्या मधला तुकडा उघडा दिसतो, अंदाजे अडीचशे मीटर, त्यात एक दगडी मोरी, म्हणजे छोटा पूल. हवेतून अंतर तीनशे-साडेतीनशे मीटर असेल. दोन मार्ग स्पष्ट दिसतात, तिसरा झाडीत आहे, गाडी आली की पानांमागं हलताना कळतं तेवढंच.

हा तुकडा अडीचशे मीटरचा आणि मालगाडी सहाशेच्या वर, म्हणजे अख्खी गाडी तुम्हाला एका वेळी कधीच दिसत नाही. आधी मला हे कमीपणाचं वाटलं होतं, नंतर ह्याच्यातच सगळी मजा आहे हे कळलं. जानेवारीतल्या गुरुवारचं सांगतो, पावणेपाचची वेळ, ऊन समोरच्या सोंडेवर तिरकं पडलेलं, गवत सगळं वाळून पिवळं झालेलं. आधी खालून एक बारीक घरघर, ती वाऱ्याची पण असू शकते असं वाटण्याइतकी. मग ती दबली, म्हणजे इंजिन खालच्या कुठल्यातरी बोगद्यात शिरलं, मग एकदम मोठी झाली, परत दबली, असं चारदा झालं आणि ह्यात चांगली दहा मिनिटं गेली. मग डावीकडच्या बोगद्याच्या तोंडात कातळावर पिवळा पट्टा सरकला, हेडलाईटचा, इंजिन अजून आतच. आणि मग दोन वॅग-9, म्हणजे मालगाडीची विजेवरची इंजिनं, बाहेर आली, माणसाला धावत गाठता येईल इतक्या सावकाश, पण आवाज असा की काकूंच्या स्वयंपाकघरातली ताटं बारीक वाजतात. मागं बंद डब्यांची अख्खी रांग, बीसीएनएचएल जातीचे डबे. इंजिनं उजवीकडच्या बोगद्यात गेली, त्यांचा आवाज बंद झाला, आणि मग मिनिट-दीड मिनिट नुसते डबे. तपकिरी, धुळकट, प्रत्येक दारावर खडूनं काहीतरी लिहिलेलं, चाकांचा टकटक-टकटक आवाज आणि पुढं ओढणारं कुणीच नाही असं वाटतं, गाडी आपणहून चढतेय. मी मोजत होतो, 58 डबे झाले. मग गार्डाचा डबा, म्हणजे आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात 2022 पासून, त्या डब्याच्या गॅलरीत उभा असलेला माणूस लहानसा दिसतो. आणि आपल्याला वाटतं संपली, तेवढ्यात डावीकडच्या बोगद्यातून परत गुरगुर सुरू होते, आणि मागून ढकलणारे बँकर बाहेर येतात, दोन वॅग-7, ब्लोअरचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पंख्यांचा, आवाज फुल्ल, आणि तो आवाज पुढच्या इंजिनांपेक्षा वेगळा असतो, जास्त खरखरीत. तेवढ्या एका तुकड्यात गाडीला सुरुवात, मध्य आणि शेवट असतो आणि प्रत्येक वेळी शेवट सुरुवातीपेक्षा जास्त मोठ्यानं येतो.

बँकर म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कर्जतला गाडीच्या शेपटाला जादा इंजिनं जोडतात, ती लोणावळ्यापर्यंत ढकलतात. सगळी इंजिनं पुढंच का नाही लावत, हे भाच्यानं पण विचारलं. सगळी ओढ पुढून दिली तर पहिल्या काही डब्यांच्या कपलिंगवर सगळा ताण येतो, तुटू शकतं, मागून ढकललं की ताण वाटला जातो, आणि समजा मधे कपलिंग तुटलंच तर मागचा भाग उतारावर पळत सुटू नये म्हणून खाली कुणीतरी धरून ठेवणारं हवं. चढ आहेच तसा, 1:37, म्हणजे 37 मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. भाचा नववीत आहे, त्यानं काकांच्या टेबलावर वहीत गणित मांडलं, गाडी इंजिनांसकट साधारण साडेसहाशे मीटर धरली, भागिले 37, उत्तर साडेसतरा. "मामा, म्हणजे पहिलं इंजिन शेवटच्या डब्यापेक्षा आपल्या बिल्डिंगएवढं वर?" आमची बिल्डिंग सहा मजली आहे. मी इतकी वर्षं 1:37 हा आकडा तोंडपाठ म्हणतोय, पण गाडीच्या दोन टोकांमधे आमची आख्खी बिल्डिंग मावते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

अजून एक गोष्ट जी तिथं गेल्यावर नव्या माणसाला चक्रावते, मुंबईकडं जाणारी गाडी "अप" आणि मुंबईहून निघालेली "डाउन", त्यामुळे इथं घाट चढते ती डाउन गाडी आणि उतरते ती अप. काका बोलताना "डाउन येतेय" म्हणाले की खाली बघायचं, चढणारी दिसते.

काकांबद्दल लिहायलाच पाहिजे, कारण खोलीइतकेच ते कामाचे आहेत. ते वीज मंडळात लायनमन होते, जन्म खंडाळ्यातला, त्यामुळे गाड्यांपेक्षा त्यांचं लक्ष वरच्या तारेवर जास्त. घाटात 1929 च्या सुमाराला वीज आली ती 1500 व्होल्ट डीसी, आता 25 हजार व्होल्ट एसी आहे, आणि ह्या दोन्हींमधला फरक त्यांनी मला जेवताना मिठाची वाटी आणि पाण्याचा तांब्या मधे ठेवून समजावला, व्होल्ट कमी म्हणजे तेवढ्याच ताकदीला करंट जास्त, करंट जास्त म्हणजे तार जाड पाहिजे आणि सबस्टेशनं जवळजवळ पाहिजेत. त्यांच्या लहानपणी घाटात ती जुनी खेकडा इंजिनं होती, डब्ल्यूसीजी-1, स्वित्झर्लंड आणि इंग्लंडात बनलेली, दोन्ही बाजूला लांब नाकाडं आणि चाकांना बाहेरून दांडे. काका हाताची दोन्ही कोपरं पुढं-मागं करून दाखवतात ते दांडे कसे चालायचे आणि तोंडानं जो कण्हल्यासारखा आवाज काढतात तो मी आयुष्यात विसरणार नाही, कारण ते इंजिन मी म्युझियममधे गप्प उभं असलेलं बघितलंय, चालताना कधीच नाही.

आणि उतरणाऱ्या मालगाडीकडं बघायला मला काकांनी शिकवलं. मी आधी उतरणाऱ्या गाडीचा फोटो काढायचो पण नाही, मला वाटायचं सगळा पराक्रम चढण्यात. ते म्हणाले, "अरे चढताना बंद पडली तर उभी राहील, उतरताना सुटली तर कुठं जाईल?" तेव्हापासून मी उतरत्या गाड्या पण नीट बघतो. घाटात कॅच सायडिंग आहेत, म्हणजे उतारावरच्या मुख्य मार्गाला फुटलेला एक आंधळा फाटा, जो वर चढत जातो. सांधे, म्हणजे गाडीचा मार्ग बदलणारे रूळ, मुळातच त्या फाट्याकडं लावलेले असतात, गाडी तिथं थांबून, ताब्यात आहे हे दाखवल्यावर पुढचा मार्ग मिळतो, आणि ब्रेक गेलेली गाडी थांबूच शकली नाही तर ती आपोआप फाट्यात जाते, चढावर वेग मरतो. आणि वॅग-9 सारखी थ्री-फेज इंजिनं उतरताना मोटारींनाच जनरेटर करून वेग धरतात आणि ती वीज वरच्या तारेत परत सोडतात. काकांना ह्या गोष्टीचं फार अप्रूप आहे. अंधारात एक उतरणारी आणि एक चढणारी गाडी एकदम आली तेव्हा ते बोट दाखवून म्हणाले, "ही देतेय, ती घेतेय."

फोटोवाल्यांसाठी आता कामाचं. 70-300 लेन्स क्रॉप बॉडीवर पुरते, अगदी नेमकं बसतं, 200 ला दोन्ही बोगदे सोडून मोरीसकट मधला भाग, 300 ला इंजिनाचा चेहरा आणि मागचे पाच-सहा डबे. 150-600 नेली तर नुसतं इंजिन भरून येतं आणि घाट जातो, मग खंडाळ्याला येऊन काय उपयोग. सकाळी दहा-साडेदहापर्यंत समोरची सोंड सावलीत असते, त्यामुळे सकाळी सिंहगड, डेक्कन क्वीन, प्रगती उतरून गेल्या की नाश्ता करा, झोपा, काहीही करा, खरा उजेड दुपारी तीननंतर. बोगद्याचं तोंड काळंकुट्ट आणि हेडलाईट डोळ्यात येतो त्यामुळे ऑटोफोकस भरकटतो, मी मोरीच्या दगडावर आधी फोकस लावून मॅन्युअलवर टाकतो आणि एक्स्पोजर एक स्टॉप खाली ठेवतो, हेडलाईट जळत नाही. गाडी सावकाश असल्यामुळे 1/320 भरपूर झालं. वायरचे खांब चेहऱ्यावर येतात हा इथला कायमचा त्रास आहे, मोरीच्या उजवीकडं दोन खांबांमधे जी मोठी फट आहे तिथं इंजिन आल्यावर दाबायचं, आधी नाही. भाच्यानं सांगूनही पहिल्या गाडीला नव्वद फोटो काढले आणि एकोणनव्वदांत इंजिनाच्या नाकावर खांब होता, दुसऱ्या गाडीला त्यानं चार काढले, चारही ठेवण्यासारखे.

रात्रीचं तर विचारूच नका. ट्रायपॉड लावून 25-30 सेकंदांचं एक्स्पोजर ठेवलं की गाडी दिसत नाही, एका बोगद्यापासून दुसऱ्या बोगद्यापर्यंत नुसती उजेडाची पट्टी उमटते, आणि मालगाडीच्या शेवटच्या भागाला परत शटर उघडलं तर टेल लॅम्पची बारीक लाल रेघ. काकांना सांगितलं की ते अंगणातला बल्ब बंद करतात, न कंटाळता, रात्री एकला पण केला होता. झोपायचं असेल तरी दार उघडं ठेवा. मी अंथरुणात पडल्यापडल्या ओळखायला शिकलोय, भरलेली गाडी जड, सलग घुमते, आणि रिकामे बॉक्सएन, म्हणजे वरून उघडे डबे, उतरताना पिंपं गडगडल्यासारखा आवाज करतात, एकदम वेगळा. मग पहाटे कधीतरी वर गेलेले बँकर तीन-चार एकमेकांना जोडून मोकळेच खाली जातात, त्यांना ओढायला काहीच नसतं त्यामुळे तो आवाज अगदी हलका असतो.

जुलैबद्दल मात्र खरं सांगतो, फोटोसाठी जाऊ नका. दोन दिवसांत मला समोरची सोंड मोजून दोनदा दिसली, पंधरा-वीस मिनिटं, बाकी सगळा वेळ ढग गॅलरीच्या आत. गाद्यांना ओल, टॉवेल वाळत नाही, लेन्सच्या आत वाफ धरली, मी हवाबंद डबा आणि सिलिका जेल नेलं होतं म्हणून वाचलो. पण ऐकायला जायचं असेल तर जुलैसारखं नाही. काहीच दिसत नसताना आख्खी मालगाडी तुमच्या समोरून जाते, धबधब्यांच्या आवाजातून इंजिनांचा आवाज वर येतो, आणि एकदा धुक्यात पँटोग्राफची, म्हणजे इंजिनाच्या टपावरून तारेला टेकणाऱ्या सांगाड्याची, निळी ठिणगी दिसली, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी ढग उघडले तेव्हा लाईनवर रेनकोट घातलेली दोन माणसं डोंगराकडं बघत बघत चालली होती, दरडीवर लक्ष ठेवणारी. 2019 च्या पावसात मंकी हिलच्या भागात दरडी पडून लाईनचं किती नुकसान झालं आणि पुणे-मुंबई गाड्यांचे किती हाल झाले हे आपल्या सगळ्यांना आठवत असेल. त्या दोघांचा मी फोटो काढला, तीन मुक्कामांत मला सगळ्यात आवडलेला तो आहे, त्यात गाडी नाहीये.

भाच्यानं विचारलं होतं हे बोगदे खणले कुणी. घाटाचं काम 1856 ला सुरू झालं आणि 1863 ला पुरं झालं. त्याच्या आधी खंडाळा-पुणे गाडी 1858 पासूनच चालू होती, म्हणजे मधला घाट लोक पालखीतून नाहीतर चालत चढायचे आणि वर येऊन गाडीत बसायचे. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मधे इथं आला आणि थोड्याच दिवसांत वारला, मग त्याची बायको ॲलिस हिनं कंत्राट सोडलं नाही, माणसं नेमून काम पुढं नेलं. 25 बोगदे, आणि ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर एका वेळी कामावर. त्या मजुरांतला एकही नावानं आपल्याला माहीत नाही, आणि समोरच्या मोरीचा एकेक दगड बघा, आजही त्याच्यावरून इतक्या वजनाच्या गाड्या जातायत असल्या कामाची ही माणसं.

खोलीचं बोलू. स्वच्छ आहे, साधी आहे, दोन पलंग, पंखा, एसी नाही आणि लागत नाही. भाडं आठवड्याच्या मधल्या दिवशी 1800, शनिवार-रविवार 2600, नाश्ता धरून. जेवण वेगळे पैसे देऊन घरगुती, काकूंचं पिठलं, तांदळाची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि मावळातला इंद्रायणीचा भात, तो इतका वासाचा असतो की दार उघडं असेल तर गॅलरीत बसल्या जागी कळतं भात उतरला. एकदा ताट वाढलं आणि गाडीचा आवाज आला, मी उठायला संकोचलो, तर काकूच म्हणाल्या, "जा जा, भात झाकून ठेवते, गाडी थांबायची नाही." अशा घरात राहायला मिळणं हे भाड्यात धरलेलं नसतं.

त्रास पण लिहितो. गॅलरीला लोखंडी ग्रिल आहे, माकडांमुळं लागतंच, पण गजांमधलं अंतर चार इंच, लेन्स हूडसकट जात नाही, हूड काढावं लागतं, मोठ्या लेन्सवाल्यांची अडचण होणार. मी काकांना सुचवलंय की एका ठिकाणी छोटी झडप करा, बघू म्हणालेत. गरम पाणी सकाळी साडेसहा ते साडेआठ, नंतर बादली मागावी लागते. मोबाईलला रेंज गॅलरीत येते, खोलीत नाही. जिना अरुंद आणि उभा आहे, आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर विचार करा. पार्किंगला एकच गाडी मावते. लोणावळा स्टेशनवरून रिक्षा आधी ठरवून बसा, माझ्याकडून एकानं दुप्पट घेतले, कारण मी बॅगा आणि ट्रायपॉड घेऊन भर पावसात उभा होतो. आणि शनिवार-रविवार शक्यतो नकोच, दिवाळीत आमची एक रात्र शनिवारची होती, शेजारच्या बंगल्यात रात्री दोनपर्यंत स्पीकर चालू होते, दोन मालगाड्या गेल्या त्या मला फक्त दिसल्या, ऐकू आल्याच नाहीत. काका दोनदा सांगून आले, काही फरक पडला नाही. ज्यांची सुट्टी गुरुवारी असते त्यांनी ह्या एका बाबतीत नशीबवान समजावं.

काही जण म्हणतील घाटच बघायचा तर पुण्याच्या पलीकडं शिंदवण्याचा घाट आहे, मिरज लाईनवरचा, तिथं कुठंही उभं राहा, फुकट. आहे, आणि मी तिथं खूप गुरुवार घालवलेत, पुण्यातल्या घोरपडीच्या शेडची डिझेल इंजिनं काळा धूर सोडत चढायची ते बघायला. आता तिथंही तारा आल्या. तो घाट वेगळा, उघडा, बोडका, त्याचं वेगळं कधीतरी लिहीन.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. काकांच्या घरामागून खाली उतरणारी एक पायवाट आहे आणि ते ती कुणालाही दाखवत नाहीत, मलाही नाही, आणि मी कधी मागितली नाही. रुळांवर जाणं रेल्वे कायद्याच्या 147 कलमाखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, पण कायद्यापेक्षा मला त्या ड्रायव्हरचं जास्त वाटतं. भरलेली मालगाडी उतारावर आहे, वळणापुढं बोगदा, आणि बोगद्याच्या तोंडाशी कुणीतरी मोबाईल धरून उभं, त्या माणसानं हॉर्न वाजवण्यापलीकडं काय करायचं. दिवाळीत आम्हाला गॅलरीतून अशी तीन पोरं दिसली होती, हॉर्न लांबच्या लांब वाजला आणि पोरं बाजूला झाली, पण भाचा नंतर बराच वेळ कॅमेरा न उचलता बसून होता. गॅलरीतून जे दिसतं त्याच्यापेक्षा चांगला फोटो खाली उतरून मिळत नाही, हे मी मिळवलेले फोटो बघून सांगतोय.

बुकिंग फोनवरच, निम्मे पैसे आधी, पावसात रद्द केलं तर काका सगळे परत करतात, माझे एकदा केलेत. दोन खोल्यांपैकी दोन नंबरचीच मागा, एक नंबरच्या समोर आंब्याचं झाड आहे आणि नेमकी मोरी त्याच्या मागं जाते. आणि जाताना काकूंसाठी पुण्याहून बाकरवडी न्या, त्या नको म्हणतात पण संध्याकाळच्या चहाला तीच ताटलीत असते.